नागपुरात आलिशान किंवा स्पोर्ट्स कार घेताना : देखभालीच्या खर्चाचा हिशेब, पायरीपायरीने

सहा वर्षांपूर्वी मी सात वर्षे वापरलेली एक जर्मन डिझेल सेडान १४ लाख रुपयांना घेतली. नवी असताना ती ५५ लाखांच्या घरात होती. तेवढ्या पैशांत त्या वेळी शोरूममधून मध्यम आकाराची साधी गाडी मिळाली असती, त्यामुळे सौदा फायद्याचा झाला असे घरातल्या सगळ्यांनाच वाटले. पहिले वर्ष संपल्यावर मी बिले एकत्र मांडली, तेव्हा इंधन आणि विमा सोडून १ लाख ८६ हजार रुपये खर्च झाल्याचे दिसले. गाडी अपघातातली नव्हती आणि विकणाऱ्याने काही लपवलेही नव्हते. मला एकच गोष्ट ठाऊक नव्हती, ती ही की गाडीची बाजारातली किंमत दरवर्षी खाली येत असली तरी तिच्या सुट्या भागांची किंमत आणि तिच्यावर काम करणाऱ्या कुशल माणसाची मजुरी खाली येत नाही. १४ लाखांना घेतलेल्या गाडीची ब्रेक डिस्क ५५ लाखांच्या गाडीचीच असते.

तेव्हापासून मी प्रत्येक बिलाची नोंद ठेवत आलो आहे. अशी गाडी पहिल्यांदाच घेऊ पाहणाऱ्या नातेवाइकांना आणि परिचितांना मी ती वही दाखवतो आणि ज्या क्रमाने समजावून सांगतो, त्याच क्रमाने हा लेख लिहिला आहे. लेखात जे रुपयांचे आकडे माझ्या वहीतले आहेत ते तसे सांगितले आहेत. आपल्या गाडीचे आकडे आपण स्वतः मिळवावेत, आणि ते कसे मिळवायचे हेही पुढे येईल.

पायरी १ : गाडी कुठे बनते आणि कुठे दुरुस्त होते, हे आधी पाहावे

मर्सिडीज-बेंझ चाकणला, ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला आणि बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ आपल्या अनेक मॉडेलांची जुळणी करतात. या मॉडेलांचे फिल्टर, ब्रेक पॅड, सेन्सर असे नेहमी लागणारे भाग देशातल्या गोदामांत सहसा उपलब्ध असतात आणि त्यांना पर्यायही सापडतात. पोर्शे, फेरारी, लॅम्बोर्गिनी या गाड्या मात्र पूर्ण तयार होऊन परदेशातून येतात. त्यांचा एखादा कमी खपाचा भाग हवा असेल तर तो बाहेरून मागवावा लागतो आणि गाडी तोवर जॅकवर उभी राहते. येथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. एकाच नावाच्या सेडानची साधी आवृत्ती भारतात जुळवलेली असते, तर तिचीच जास्त ताकदीची एएमजी, एम किंवा आरएस आवृत्ती थेट आयात केलेली असू शकते. दोन्ही गाड्या दुरून सारख्याच दिसल्या तरी त्यांचे ब्रेक, सस्पेन्शन आणि कित्येकदा गिअरबॉक्सही वेगळे असतात, म्हणून साध्या आवृत्तीचे दर ऐकून ताकदवान आवृत्तीचा हिशेब करू नये.

नागपुरात काही जर्मन कंपन्यांची अधिकृत केंद्रे आहेत. गाडी पसंत करण्यापूर्वी एखाद्या कामाच्या दिवशी तेथील सर्व्हिस विभागात प्रत्यक्ष जावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात : याच मॉडेलचे आणि याच इंजिनाचे काम येथे होते की गाडी मुंबई-पुण्याला पाठवावी लागते, पुढच्या दोन सर्व्हिसचा अंदाजे खर्च किती, आणि गोदामात नसलेला भाग यायला किती दिवस लागतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना समोरची व्यक्ती घुटमळली, तर त्यातूनही आपल्याला माहिती मिळते. सुपरकार म्हणवल्या जाणाऱ्या गाड्यांची अधिकृत केंद्रे मुंबई, दिल्लीसारख्या मोजक्याच महानगरांत आहेत. अशी गाडी नागपुरात ठेवणाऱ्याने फ्लॅटबेड ट्रकवरून सातशे-आठशे किलोमीटर जाण्या-येण्याचे भाडे वार्षिक खर्चात धरलेच पाहिजे.

पायरी २ : कर आणि नोंदणी

हा भाग सरळ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील २० लाखांपेक्षा महाग पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेल गाडीला १५ टक्के एकरकमी कर पडतो. गाडी कंपनीच्या नावावर असेल किंवा आयात केलेली असेल तर हा दर २० टक्के आहे. या कराची कमाल मर्यादा २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाखांवर नेण्यात आली.

जुनी गाडी घेणाऱ्याने परराज्यातल्या स्वस्त गाड्यांविषयी सावध राहावे. दिल्लीत १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तेथील आलिशान डिझेल गाड्या कमी भावात इकडे येतात. अशा गाडीला तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, येथे वयानुसार कर पुन्हा भरावा लागतो आणि एमएच ३१, ४० किंवा ४९ क्रमांक मिळेपर्यंत कागदपत्रांचा पाठपुरावा करावा लागतो. हा सगळा खर्च मिळवल्यावर भावातला फरक किती उरतो, ते कागदावर मांडून पाहावे.

पायरी ३ : सौदा ठरण्याआधीची तपासणी

या संपूर्ण लेखातील सर्वांत जास्त पैसे वाचवणारी पायरी हीच आहे, म्हणून येथे मी थोडा रेंगाळतो. शक्य असेल तर गाडी रात्रभर उभी राहू द्यावी आणि सकाळी थंड असतानाच पाहायला जावे. विकणाऱ्याने आपण पोहोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवले असेल, तर सुरू होतानाचा खडखडाट, टायमिंग चेनचा आवाज आणि पहिला धूर या तिन्ही गोष्टी आपल्याला दिसणार नाहीत. बॉनेटवर हात ठेवून पाहण्याची सवय मला एका मिस्त्रींनी लावली आणि ती आजवर उपयोगी पडली आहे.

गाडीला एअर सस्पेन्शन असेल, तर रात्रभर उभी राहिल्यावर तिचा एखादा कोपरा खाली बसला आहे का ते पाहावे. रबरी हवेची पिशवी किंवा तिचा सांधा झिरपू लागला की गाडी बसते, मग कॉम्प्रेसर ती उंची भरून काढण्यासाठी पुन्हा पुन्हा चालतो आणि अखेरीस तोही जळतो. म्हणजे एका गळतीचे दोन खर्च होतात. विकणारा गाडी चालू करून उंची पूर्ववत करील आणि सगळे ठीक असल्याचे सांगेल, परंतु खरी स्थिती सुरू होण्यापूर्वीच्या क्षणी दिसते.

त्यानंतर गाडी लिफ्टवर घ्यावी. ऑइल चेंबरवर ओरखडे किंवा वेल्डिंग आहे का, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर तेल दिसते का, लोअर आर्मचे बुश फाटले आहेत का, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट शाबूत आहेत का, हे पाहायला कुशल माणसाला अर्धा तास पुरतो. नागपुरातील सिमेंट रस्त्यांच्या आणि गल्लीतल्या रस्त्यांच्या उंचीत अनेक ठिकाणी मोठा फरक आहे, शिवाय वस्त्यांतले गतिरोधक कोणत्याही मापात न बसणारे असतात. कमी उंचीच्या गाडीचे पोट त्यांवर घासले जाते, आणि येथे वापरलेल्या गाडीचे पोट पाहिल्यावर तिचे अर्धे आयुष्य वाचता येते.

स्कॅनर लावणे अनिवार्य समजावे. तो साधा, सगळ्या गाड्यांना चालणारा नसावा, तर त्या कंपनीची प्रत्येक नियंत्रण प्रणाली वाचू शकणारा असावा. या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, एअरबॅग, दरवाजे अशी अनेक स्वतंत्र कंट्रोल युनिट असतात आणि डॅशबोर्डवर दिवा पेटला नसला तरी त्यांच्या स्मृतीत जुने दोष नोंदलेले असतात. सगळे दोष नुकतेच पुसलेले आढळले तर तीही शंकेचीच बाब आहे. अशा वेळी गाडी ५०-६० किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करावे. चासी क्रमांकावरून अधिकृत केंद्रातील सर्व्हिसचा इतिहास काढता येतो. मालकाच्या संमतीने तो मागावा आणि त्यातील किलोमीटर मीटरवरच्या आकड्याशी जुळवून पाहावेत.

पाण्यात बुडालेल्या गाडीची खूण वेगळी शोधावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमधील तळघरांत, वाहनतळांत पाणी भरले. त्या दिवशी बुडालेल्या गाड्यांपैकी काही स्वच्छ होऊन बाजारात आल्या असणार, हे गृहीत धरूनच पाहणी करावी. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या टोकावर चिखलाची रेघ आहे का, सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का, गालिचाखालचा फोम ओलसर आहे का, ते पाहावे. अनेक आलिशान गाड्यांची कंट्रोल युनिट सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी असतात आणि पाण्याचा परिणाम तेथे वर्ष-दोन वर्षांनी उमटतो.

या तपासणीला काही हजार रुपये लागतात. सौदा मोडला तर ते वाया गेले असे वाटते, परंतु मी पहिल्या दोन गाड्या अशाच तपासणीनंतर सोडल्या आणि त्यातील एकीच्या चारही हवेच्या पिशव्या अखेरच्या टप्प्यात होत्या.

पायरी ४ : वार्षिक सर्व्हिस कशामुळे महाग होते, हे समजून घ्यावे

लहान हॅचबॅकच्या इंजिनाला साडेतीन लिटरच्या आसपास तेल लागते, सहा सिलिंडरच्या आलिशान गाडीला साधारण सहा ते सात लिटर आणि पोर्शे ९११ सारख्या गाडीला त्याहूनही जास्त. शिवाय हे तेल कोणतेही चालत नाही. मर्सिडीज एमबी २२९.५ किंवा २२९.५२, बीएमडब्ल्यू एलएल-०१ किंवा एलएल-०४, पोर्शे ए४० अशी मान्यता देते, आणि डब्यावर तीच मान्यता छापलेली असावी लागते. ‘५डब्ल्यू-३० आहे, म्हणजे चालेल’ हे उत्तर येथे पुरत नाही, कारण तो आकडा तेलाचा केवळ पातळपणा सांगतो. टर्बोची उष्णता सोसण्याची किंवा डिझेलच्या धुराच्या फिल्टरला जपण्याची क्षमता त्यावरून कळत नाही.

अनेक गाड्या आता चालवण्याच्या पद्धतीवरून पुढील सर्व्हिसची तारीख स्वतः दाखवतात. माझे मत असे आहे की नागपूरच्या उन्हाळ्यात त्या तारखेची वाट पाहू नये आणि दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा, तेल बदलावे. गाडी वर्षात तीनच हजार किलोमीटर चालली असली तरीही वर्षाचा नियम पाळावा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, कारण ते हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो.

स्वयंचलित गिअरबॉक्सच्या तेलाविषयी स्पष्टपणे लिहिणे मला गरजेचे वाटते. काही मोटार कंपन्या हे तेल आयुष्यभरासाठी असल्याचे सांगतात. मात्र बीएमडब्ल्यू, ऑडी, जॅग्वार अशा अनेकांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलण्याची शिफारस करते. गिअरबॉक्स बनवणाऱ्याचे ऐकावे. या कामाचा खर्च काही दहा हजारांत होतो, तर गिअरबॉक्सचा खर्च लाखांत जातो.

शहरात डिझेल गाडी चालवणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना आहे. धरमपेठेतून सीताबर्डी आणि तेथून परत, एवढ्याच फेऱ्या झाल्या तर बीएस ६ डिझेल गाडीचा धुराचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करण्याइतका तापत नाही आणि काजळीने भरत जातो. पंधरा दिवसांतून एकदा वर्धा मार्गाने बुटीबोरीपर्यंत एकसारख्या वेगाने जाऊन यावे. एवढ्याने हा फिल्टर अनेक वर्षे टिकतो.

दिलासा देणारी गोष्ट ही की २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. जुनी बिले पाहून अंदाज बांधताना हा फरक लक्षात घ्यावा.

पायरी ५ : टायर आणि ब्रेक

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वापरात आला. येथील वेगवान गाड्यांच्या मालकांच्या खर्चावर या रस्त्याचा मोठा परिणाम झाला आहे. मोटारींसाठी १२० किलोमीटरची वेगमर्यादा, मैलोन्‌मैल सरळ सिमेंटचा पृष्ठभाग आणि मे महिन्यातले ऊन हे सारे एकत्र आले की टायर आतून सतत तापत राहतो. हवा कमी असलेला टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि बाजूने फुटतो. घासलेल्या टायरच्या गाड्यांना या महामार्गावर प्रवेश नाकारण्याची मोहीम परिवहन विभागाने २०२३ मध्ये राबवली, यावरून प्रश्नाचे गांभीर्य समजावे.

म्हणून हवा नेहमी टायर थंड असताना, सकाळी घराजवळ तपासावी. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो, त्यामुळे दुपारी तापलेल्या टायरची हवा पाहून ती जास्त वाटते आणि लोक काढून टाकतात. हे अत्यंत धोक्याचे आहे. दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणामागे वेग आणि प्रवासी यांनुसार वेगवेगळे दाब दिलेले असतात. महामार्गावर जाताना पूर्ण भाराचा आकडा घ्यावा.

टायरच्या कडेवर चार आकडी संख्या असते. २३२२ असे असल्यास तो २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी कितीही शिल्लक असली तरी पाच वर्षांनंतर नागपूरच्या उन्हात राहिलेल्या टायरवर मी १२० चा वेग घेत नाही. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते, पण पावसाळ्यात तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर पाणी पुरेसे कापत नाही.

किंमत कशी वाढते, ते आता पाहू. अनेक ताकदवान गाड्यांत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. ते पुढे-मागे बदलता येत नाहीत, त्यामुळे मागची जोडी लवकर संपते. काही टायरवर विशिष्ट कंपनीची खूण असते, जसे बीएमडब्ल्यूसाठी तारा, पोर्शेसाठी एन, मर्सिडीजसाठी एमओ आणि ऑडीसाठी एओ. अशा टायरची रचना त्या गाडीसाठी जुळवलेली असते आणि किंमत अधिक असते. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते आणि रनफ्लॅट टायर असतात. हवा गेल्यावर ते साधारण ८० किलोमीटर, ८० च्या वेगाने नेतात, पण तसे चालवल्यानंतर त्याची दुरुस्ती करून पुन्हा भरवसा ठेवता येत नाही. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत एकच नवा टायर टाकणे टाळावे, कारण व्यासातील फरकाचा ताण थेट ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत शक्ती वाटणाऱ्या भागावर येतो.

ब्रेकच्या बाबतीत पॅडबरोबर डिस्कही संपते, हे नवख्यांना ठाऊक नसते. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो आणि जाडी त्याखाली गेली की डिस्क बदलावी लागते, साधारण दोन पॅडच्या संचांमागे एकदा. स्पोर्ट्स कारमध्ये कार्बन-सिरॅमिक डिस्क असतील तर त्या साध्या वापरात खूप वर्षे टिकतात, पण चाक काढताना निष्काळजीपणे आदळून त्यांचा कपचा उडाला तर एका डिस्कचा खर्च कित्येक लाखांपर्यंत जाऊ शकतो. अशा गाडीचे चाक रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे कधीही उघडू देऊ नये.

पायरी ६ : ऊन

नवतपाच्या दिवसांत नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उघड्यावर लावलेल्या काळ्या गाडीच्या आतली उष्णता त्याहून कितीतरी जास्त असते. युरोपात बनलेल्या गाडीतील प्लॅस्टिकचे कूलंट सांधे, रबरी नळ्या, दरवाजांची रबरे, छताचे कापड चिकटवणारा थर आणि बॅटरी ही सर्व येथे वेळेआधी थकतात. छताचे कापड लोंबू लागणे ही विदर्भातील जुन्या जर्मन गाडीची ओळखीची तक्रार आहे.

उन्हाळा सुरू होण्यापूर्वी, म्हणजे होळीच्या सुमारास, कूलंटची पातळी, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा पंखा तपासून घ्यावा. कूलंट कंपनीने सांगितलेल्याच प्रकारचे भरावे आणि त्यात नळाचे पाणी मिसळू नये, कारण क्षारांचा थर बारीक वाहिन्यांत साचतो. सात-आठ वर्षांच्या गाडीचे प्लॅस्टिकचे सांधे तुटण्यापूर्वीच बदलणे स्वस्त पडते. सांधा तुटल्यावर तापलेले इंजिन दोन किलोमीटर जरी ओढले तरी हेड वाकू शकते.

बॅटरी बहुधा एजीएम प्रकारची असते आणि अनेक गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद संगणकात करावी लागते. नोंद केली नाही तर गाडी जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशेबानेच ती चार्ज करत राहते आणि नवी बॅटरी लवकर संपते. माझ्या बाबतीत असेच घडले. एका गॅरेजने बॅटरी बदलली, नोंद केली नाही, आणि चौदा महिन्यांत दुसरी घ्यावी लागली. गाडी आठवडे उभी राहणार असेल तर बॅटरी मेंटेनर लावून ठेवावा.

सावलीतली जागा हा या शहरात गाडीचा सर्वांत स्वस्त विमा आहे, असे मला मनापासून वाटते.

पायरी ७ : खरा विमा

तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे आणि १५०० सीसीपेक्षा मोठ्या खासगी मोटारीसाठी २०२२ मध्ये ठरलेला दर वर्षाला ७,८९७ रुपये, अधिक जीएसटी असा आहे. मोठी रक्कम स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईसाठी जाते आणि ती गाडीच्या घोषित मूल्यावर, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीवर ठरते. पाचव्या वर्षी हे मूल्य नव्या किमतीच्या निम्म्यावर येते, तरीही हप्ता कमी करण्यासाठी ते आणखी खाली लिहून घेऊ नये.

साध्या पॉलिसीत दाव्याच्या वेळी रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा वजा होतो. आलिशान गाडीचा बंपर, ग्रिल, आरशांची आवरणे आणि दिव्यांचे कवच हे सगळे प्लॅस्टिक असते, आणि एका एलईडी मॅट्रिक्स दिव्याची किंमतच लाखांत असू शकते. म्हणून शून्य घसारा जोड, म्हणजे असा घसारा वजा न करणारी पॉलिसीची जादा तरतूद, मिळत असेल तोवर घ्यावी. जुन्या गाड्यांना ती बहुतेक कंपन्या देत नाहीत.

दुसरी आवश्यक जोड म्हणजे इंजिन संरक्षण. पाण्यातून जाताना हवेच्या मार्गाने पाणी सिलिंडरमध्ये गेले आणि इंजिन फिरले, तर पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. साधी पॉलिसी हे परिणामी नुकसान मानून नाकारते. गाडी पाण्यात बंद पडली असेल तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न अजिबात करू नये. फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावे आणि फ्लॅटबेड बोलवावा. चाके फरफटवत ओढल्यास स्वयंचलित गिअरबॉक्सचे नुकसान होते.

पायरी ८ : गॅरेज निवडणे

हमीचा काळ चालू असेपर्यंत अधिकृत केंद्र सोडू नये आणि वाढीव हमी मिळत असेल तर तिच्या अटी वाचून ती घ्यावी. हमी संपल्यावर त्या विशिष्ट कंपनीच्या गाड्यांवर काम करणारे स्वतंत्र गॅरेज शोधावे. भाग तीन प्रकारचे असतात : गाडीच्या कंपनीच्या खोक्यातले, तोच मूळ उत्पादक स्वतःच्या खोक्यात विकतो ते, आणि इतरांनी बनवलेले. दुसरा प्रकार बहुतेक वेळा पहिल्याइतकाच चांगला असतो आणि किंमत बरीच कमी असते. तिसरा प्रकार ब्रेक, स्टिअरिंग आणि कूलंटच्या कामात मी वापरत नाही.

काम देताना जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी, लेखी एस्टिमेट मागावे, काढलेले जुने भाग परत द्यायला सांगावे आणि मोठ्या कामासाठी दुसरे मत घ्यावे. माझी गाडी चौथ्या वर्षी दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना झटका देऊ लागली. एका गॅरेजने गिअरबॉक्सचे पूर्ण मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलण्याचे नियंत्रण करणारा भाग) बदलण्याचे ३ लाख ४० हजारांचे एस्टिमेट दिले. दुसऱ्या मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली आणि कनेक्टरभोवतीच्या सीलमधून तेल झिरपून पातळी कमी झाल्याचे मला प्रत्यक्ष दाखवले. सील, फिल्टर आणि तेल मिळून ४६ हजारांत काम झाले आणि तो झटका पुन्हा आला नाही. पहिल्या गॅरेजने मुद्दाम फसवले असे मी म्हणत नाही. त्यांनी स्कॅनरवरचा दोष वाचला आणि तेलाची पातळी पाहिली नाही, एवढेच मला ठाऊक आहे.

पायरी ९ : वही

वर्षाला दहा हजार किलोमीटर धरून माझ्या गाडीचा आजचा सरासरी हिशेब असा येतो. डिझेल सुमारे ८३,००० रुपये, विमा ३२,०००, वार्षिक सर्व्हिस ४२,०००. टायरचा संच १ लाख १२ हजारांचा आणि ४० हजार किलोमीटर चालणारा, म्हणून वर्षाचे २८,०००. ब्रेकचे पॅड आणि डिस्क यांच्यासाठी २०,०००, बॅटरीसाठी ७,५००, आणि अचानक निघणाऱ्या दुरुस्त्यांसाठी ९०,०००. एकूण ३ लाख २ हजार ५०० रुपये, म्हणजे किलोमीटरमागे तीस रुपयांहून थोडे अधिक आणि महिन्याला सुमारे २५ हजार. इंधन वगळले तर वर्षाचे २ लाख १९ हजार ५०० उरतात. याच दराने सहा वर्षांचे १३ लाख १७ हजार होतात, आणि गाडी मी १४ लाखांना घेतली होती.

नवख्यांनी आपल्या गाडीसाठी हेच रकाने आखावेत आणि प्रत्येक रकान्यात गॅरेजकडून व टायरच्या दुकानातून घेतलेला लेखी दर भरावा. दुरुस्तीच्या रकान्यातील रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकावी. कर्जाचा हप्ता परवडतो म्हणून गाडी परवडते, असे समजणारे पहिल्या मोठ्या बिलाच्या वेळी काम अर्धवट ठेवतात आणि अर्धवट ठेवलेले काम दुसरा भाग घेऊन जाते.

स्पोर्ट्स कारचे गणित थोडे वेगळे असते. ती कमी चालते, त्यामुळे तिचा खर्च किलोमीटरवर मोजता येत नाही, वर्षांवर मोजावा लागतो. उभी राहून टायर एका बाजूने चपटे होतात, इंधन शिळे होते, सील कोरडे पडतात. जुन्या फेरारींमध्ये टायमिंग बेल्टची मुदत वर्षांतच असते. १९९४ ते १९९९ या काळात बनलेल्या एफ३५५ मध्ये तर हा बेल्ट बदलण्यासाठी संपूर्ण इंजिन बाहेर काढावे लागते. आजची फेरारी नवी घेतल्यास सात वर्षांची नियमित देखभाल किमतीतच येते आणि ती गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जाते, म्हणून जुनी घेताना तिची किती वर्षे शिल्लक आहेत ते विचारावे. मात्र टायर, ब्रेक आणि अपघात यांचा त्यात समावेश नसतो.

पायरी १० : कधी थांबायचे

एकाच दुरुस्तीचे एस्टिमेट गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यापुढे गेले, तर दुरुस्ती न करता आहे त्या स्थितीत खरे सांगून विकणे योग्य ठरते. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये आणि आयात केलेल्या मोटारीला ४०,००० रुपये शुल्क आहे. वीस वर्षांनंतर हेच आकडे १०,००० आणि ८०,००० होतात, हरित कर वेगळा. माझ्या गाडीला पंधरा पूर्ण व्हायला दोन वर्षे आहेत. तिची सर्व बिले तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावलेली आहेत, आणि गाडी विकली तर ही फाइल घेणाऱ्याच्या हातात किल्लीबरोबरच देणार आहे.